मच्छरच्या पंपानं रंगवलेली मोटार

प्रिय दादा,

तुही तेरवी झाली आन् चौथ्या दिवशी वहिनीनं मोटारीची किल्ली माह्या हातात ठेवली. म्हणे, "कुसुमबाई, हे आता तुम्हीच सांभाळा." मीनं कसं सांभाळलं ते आयक. आज सकाळी मोटार फाटकाच्या खांबाले ठोकली. डावं मडगार्ड. तेच. आता तूच सांग, हे तुले नाही तर कोणाले लिहू?

चेपलं तिथला रंग उडाला आन् त्याच्यातून कोंडा निघाला. पंधरा वर्षांचा साळीचा कोंडा. मी तिथंच फाटकात बसून हसली. वहिनी धावत आली, तिले वाटलं मी रडून राह्यली. थोडं तेही होतंच.

आठवते का तुले? मी तवा एकोणीस वर्षांची. बाबूजीनं लय मुश्किलीनं मले गोंदियाले मास्तरणीच्या ट्रेनिंगले धाडायचं कबूल केलतं. जायले आठ दिवस बाकी होते. बाबूजी धानाच्या सौद्यासाठी लालबर्र्याले गेलते, आन् मले नेमकी तवाच मोटार शिकायची हुक्की आली. मी बुटकी, म्हणून सीटवर मायची मोराची उशी ठेवली. तू बाजूले बसून "ब्रेक, ब्रेक" म्हणत होता. मीनं काय दाबलं ते मले आजही माहीत नाही. समोर चिंच होती, ते काही बाजूले झाली नाही.

"बाबूजीले समजलं तर माहं गोंदिया गेलं," मी म्हटलं.

तुनं मडगार्डवरून हात फिरवला. "रडू नको. बाबूजी यायच्या आत असं करतो की चिंचेलेही आठवणार नाही."

हा भरोसा तू कुठून आणत होता रे? हातात कधी ब्रश धरला नव्हता तुनं.

मायच्या मुसळानं तुनं आतून ठोकून ठोकून खड्डा काढला. उरलेल्या खाचेत लांबीचा लेप भरला, पॉलिश पेपरनं घासला. तिथपर्यंत ठीक होतं. पण रंग मारायले मिस्तरीकडचं हवेचं मशीन पाहिजे, आन् मिस्तरी बाबूजीचा दोस्त. मंग तुही नजर गेली मायच्या मच्छर मारायच्या पंपावर. दांडा मागंपुढं केला की फुस्स. आता म्हणे विलायतेत रंगाचा डबाच असा मिळते, बोट दाबलं की फवारा. हे तुले सांगायचं राहूनच गेलं. तू नक्की म्हटलं असतं, "माही आयडिया चोरली त्याईनं."

पहिले लाल प्रायमर मारला. तो वाळला तसा क्रीम रंग. तू फुसफुस करून राह्यला आन् मी डबा धरून उभी. काय सुंदर दिसून राह्यलं होतं. आपल्याले वाटलं, जमलं. धानाचे दिवस आहेत, बाजूले राइस मिल आहे, दुपारी ते सुरू होते, एवढं काही आपल्या ध्यानात आलं नाही. मिल सुरू झाली आन् सारा कोंडा उडून ओल्या रंगावर येऊन बसला. तू म्हणला, "वाळला की झडून जाईल." झडला का?

त्यातच तो क्रीम रंगही जुळेना. मडगार्ड दुधासारखं आन् बाकी मोटार चहासारखी. मंग मडगार्डशी जुळवायले दरवाजा रंगवला, दरवाज्याशी जुळवायले बोनट. काचेवर भाताच्या खळीनं पेपर चिकटवलते, ते शेजारची बकरी खाऊन गेली, आन् काचही क्रीम झाली. ती तर ब्लेडनं खरवडता खरवडता दोघाईचीही बोटं सोलली. चिंचेनं एकच मडगार्ड बिघडवलतं, दादा. बाकीची मोटार आपण बिघडवली.

बाबूजी दिवेलागणीले आले. मोटारीजवळून गेले, म्हणाले, "धुतली काय? बरं केलं." आपण सुटलो. तू तर माह्याकडं पाहून डोळाही मारला.

पण पंप? मीनं तुले दोनदा विचारलतं, पंप धुतला का. दोनदा तू "हौ" म्हणला. मायनं त्याच्यात मच्छरचं औषध भरलं, बाबूजी पलंगावर बसून जोडे काढून राह्यलते तिथं गेली आन् मारला फवारा. बाबूजीची अर्धी मिशी क्रीम रंगाची झाली. मायले अंधारात दिसलं नाही, तिनं उरलेलीही करून टाकली.

बाबूजी कंदील घेऊन अंगणात गेले. मोटारीभोवती एक चक्कर मारली, दरवाजा उघडून आत पाह्यलं. मंग विचारलं, "कोणं ठोकली?"

माहं तोंड उघडायच्या आत तू म्हणला, "मीनं."

वर्षभर तुही मोटार बंद. हप्त्यातून दोनदा तू किरनापूरच्या आपल्या दुकानाले सायकलीनं जाय. आन् मी आठव्या दिवशी गोंदियाच्या बसमध्ये बसली. राजेगाव येईपर्यंत रडली, मंग मले झोप लागली. त्या झोपेची मले आजही लाज वाटते. पुढं मी किती वेळा म्हटलं की बाबूजीले सांगून टाकीन. तू दरवेळी म्हणे, "राहू दे ना, आता जुनं झालं." काहून राहू दिलं मीनं?

आज मी फाटकात बसली होती तवा बाबूजीनं ओसरीतून आवाज दिला. आता त्याईले दिसते कमी, पण आवाज तोच. "कोणं ठोकली?"

मी जवळ जाऊन म्हटलं, "मीनं. आन् तवाही मीनंच ठोकलती."

"माहीत आहे मले," बाबूजी म्हणाले. "सीटवर मोराची उशी होती. एवढा लंबा पोट्टा उशीवर बसून मोटार चालवते का?"

"मंग दादाले सायकल काहून दिली?"

"तो 'मीनं' म्हणला. त्याले खोटं पाडलं असतं तर तुले घरी बसवावं लागलं असतं."

एवढं बोलून त्याईनं मिशीवरून हात फिरवला आन् रडले. मीही रडली. तुले हे माहीत नव्हतं ना, दादा? माहीत असतं तर तू वर्षभर एवढ्या शहाण्या तोंडानं सायकल हाणली नसती.

हा नवा खड्डा मीच काढीन, मायच्याच मुसळानं. मिल बंद असन त्याच दिवशी रंग मारीन आन् पंप धुऊन ठेवीन. कोंडा मात्र कोणालेही घासू देणार नाही. आन् पुढं कधी ठोकलीच, तर तुह्या नावावर सहज खपून जाईल, तू काही "नाही" म्हणायले येणार नाही. उलट तू वरूनही "मीनं" म्हणशील, मले माहीत आहे. पण आता तुह्या आधी मी म्हणीन.

मोराच्या उशीवर बसणारी,
तुही कुसुम