काटवन पुतणीला

मी, खाली सही करणारा, मुलांच्या चित्रपुस्तकांचा चित्रकार, वय एकोणपन्नास, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्या डाव्या हाताने लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. देवाच्या मनात असेल तर परत येऊन हा कागद मीच फाडेन. नसेल तर तोही त्याचाच निर्णय. मी पूर्ण शुद्धीत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी भरीला पाडलेले नाही. थोरल्या भावाच्या मते मात्र मला वेड लागले आहे, आणि मी गेल्यावर कोर्टात तो तेच सांगून हा कागद रद्द करून घेणार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१. राहते घर पत्नीला. उत्तरेच्या खिडकीची माझी कामाची खोली तिने हवी तशी वापरावी. तिथल्या बरण्यांतली सापाची कात, पिसे, हाडे तिला कधीच आवडली नाहीत. "या घरात मेलेल्या पालीला टेबल मिळतं आणि जिवंत पाहुण्याला उभं राहावं लागतं," असे ती म्हणते. तिचे खरे आहे. सगळे पुरून टाकावे.

२. घरामागचे काटवन माझ्या पुतणीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, संपूर्ण मालकीने. वडिलांनी वाटणी केली तेव्हा पिकाची जमीन भावाला दिली आणि काट्यांची मला. "हा तसाही दिवसभर पाखरंच बघत बसतो," म्हणाले. वडील चुकले नाहीत. माझे एकूण एक पुस्तक त्या काटवनातून आले.

निसर्गापासून स्फूर्ती कशी मिळते, असे लोक विचारतात. त्यांना फुलपाखरांबद्दल ऐकायचे असते. मी खाटीक पक्ष्याबद्दल सांगतो. मुठीएवढा जीव, डोळ्यांवर काळी पट्टी. सरडा धरतो, बाभळीच्या काट्यावर खुपसतो आणि ओढून ओढून फाडतो. घारीसारखी नखे त्याला दिलेली नाहीत, म्हणून काटाच त्याचा हात. सरडा बराच वेळ जिवंत असतो. शाळेत असताना मी हे पहिल्यांदा पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर काढले. मास्तरांनी विचारले, "हे काय?" म्हटले, "जेवण." त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला, पण शाळा सुटेपर्यंत ती पाटी कुणाला पुसू दिली नाही.

पहाटे देवाचे नाव घेऊन मी तिथे जाऊन बसतो. डोळे मिटून प्रार्थना करणे मला कधी जमले नाही. पिल्लांच्या उघड्या चोची ज्याने केल्या, सरड्याची तडफडही त्यानेच केली. त्यातले एक दाखवायचे आणि एक झाकायचे, ही मला त्याच्या कामात लुडबुड वाटते. मुलांना हे समजते. माझे चित्र पाहून मोठी माणसे तोंड फिरवतात. मुले विचारतात, "पिल्लांना सरडा मिळाला का?"

३. रंग, कुंचले आणि खाटीक पक्ष्यावरचे अपुरे पुस्तक संपादकबाईंना. माझ्या घुबडाच्या पुस्तकात त्यांनी मला न विचारता पंजातला उंदीर पुसून तिथे फूल रंगवून घेतले होते. पुस्तक उदंड खपले. मी ते फूल विसरलेलो नाही. फूल घेऊन रानात हिंडणारे घुबड त्यांनी कुठे पाहिले, ते देवाला सांगावे. या वेळी चित्रे आहेत तशी छापावीत, नाहीतर छापू नयेत. "अहो, पण झोपताना वाचायचं पुस्तक आहे हे," असे बाई म्हणतील. सरडा झोपलेला दाखवला तर पत्नीने पुस्तक काढून घ्यावे.

४. माझा उजवा हात. हाताची वाटणी होत नाही, पण काटवन पुतणीलाच का, ते कळण्यासाठी त्याची हकीकत लिहितो.

भाऊ तेव्हा बंदूक बाळगायचा. त्याची माझ्यावर माया होती, हे कोर्टानेही लक्षात घ्यावे. पाखरासाठी मी तासन्‌तास डासांकडून चावून घेतो याची त्याला कीव आली. एका सकाळी त्याने खाटकाची जोडी, दोन बुलबुल आणि एक खंड्या मारून, पायांना सुतळी बांधून माझ्या टेबलावर आणून टाकले. "घे. आता हलणार नाहीत. काढ निवांत बसून." खंड्याच्या चोचीतले रक्त माझ्या कागदावर उतरत होते. मी ती माळ उचलून त्याच्या तोंडावर मारली.

"एवढं करून हे?" म्हणाला. मान धरून त्याने मला खाली पाडले, माझा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि बंदुकीच्या दस्त्याने ठेचला. एकदा नाही. हाडे कपबशीसारखी वाजली. पुतणी तेव्हा नऊ वर्षांची. ती बापाच्या दंडाला चावली, आणि तोंडात मांस आले तरी सोडेना. त्याने तिला झटकले ते थेट भिंतीवर. तिचा डावा कान त्या दिवसापासून बंद आहे. माझ्या पत्नीने बंदूक उचलून विहिरीत टाकली.

मी डाव्या हाताने काढायला शिकलो. रेघ थरथरते. समीक्षक तिला 'जिवंत रेघ' म्हणतात. त्यांचे भले होवो.

पुतणी आता रोपवाटिकेत काम करते. सुटीला काटवनात उजवा कान पुढे करून बसते, आणि पक्षी तिला माझ्याआधी ऐकू येतो.

५. थोरल्या भावाला काही नाही. बंदूक विहिरीत आहे, हवी तर उतरून घ्यावी. मी गेलो की काटवन पेटवून नांगर घालायचा त्याचा बेत आहे. गेल्या आठवड्यात तेवढाही धीर धरवला नाही. कुऱ्हाड घेऊन आला आणि खाटकाच्या घरट्यासकट बाभळ आडवी केली. पिल्ले टाचेखाली चिरडली, माझ्याकडे बघत बघत. मी धावलो आणि छातीत कळ आली. मी पडलो होतो तिथून मला मादी दिसत होती. ती मेलेल्या पिल्लाच्या चोचीत घास कोंबत होती.

६. हे कलम लिहायचे नव्हते. पाचवे लिहून होते तोच भाऊ आला. कुऱ्हाड होतीच. डॉक्टरीणबाई माझा रक्तदाब पाहत होत्या.

"भावजी, ती बाहेर ठेवा," पत्नी म्हणाली.

"का? जेवायला बसवतेस काय?"

मी त्याला हा कागद दिला. त्याने उभ्यानेच वाचला.

"वेड्याचा कागद. कोर्टात टिकायचा नाही."

"मग दादा, आज गावाला सांग की वेड्याचा हात ठेचला."

त्याने कागद टेबलावर टाकला.

"इतकी वर्षं सांगत आलास, भाऊ माजला होता म्हणून हात मोडला. वेडा होतो तर माज कसला?"

"माजलाच होतास!" कुऱ्हाड माझ्या डोक्यावर उचलून तो ओरडला. "अजून माजलायस! पहाटेपासून चिखलात पडून आणली होती ती पाखरं, मूर्खा! तुझ्यासाठी!"

"बाबा," दारातून पुतणी म्हणाली. रोपांचे खड्डे खणायची पहार तिच्या दोन्ही हातांत होती. "या वेळी मी चावणार नाही."

आधी त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, मग तिने पहार. तो धापा टाकत खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "पेन दे. साक्षीची सही करतो."

वकिलांनी मला सांगितले आहे की, साक्षीदाराला मजकूर पटलाच पाहिजे असे नाही. माणूस शुद्धीत होता आणि सही समोर झाली, एवढेच त्याने सांगायचे. तेच मी भावाला सांगितले.

"तेवढंच लिहितो," तो म्हणाला. "गोड काही लिहायला लावू नकोस."

वरील सर्व व्यवस्था पत्नीने पाहावी. मी वाचून, समजून, देवाला स्मरून सही करत आहे.

ठिकाण: राहते घर, कामाची खोली
दिनांक: १४ मार्च

सही (डाव्या हाताची)

साक्षीदार:

१. डॉक्टरीणबाई. माणूस पूर्ण शुद्धीत. सही माझ्यासमोर झाली. रक्तदाब कृपया विचारू नये.

२. थोरला भाऊ. सही माझ्यासमोर झाली. काटवनाचे मला मान्य नाही. माणूस शुद्धीत आहे. हात मोडला तेव्हाही होता. मीही होतो.