बेगमचा दिवा

१ डिसेंबर, सोमवार
नाय म्हणजे नाय! बेगमला विकणार नाय. सकाळी नवरोबांना तोंडावर सांगितलं. हे म्हणाले, "मार्चमधल्या पहिल्या वरातीत परत मान झटकली, तर सर्जेरावाला देऊन मोकळं व्हायचं." ठीक. मार्च लांब आहे.

खोटं कशाला लिहू, भीती वाटतेच. तीन वर्षं झाली. हिवाळाभर घोडी गुणाची. शिवरात्र सरली, ऊन चढलं की सुरू — नाकात माशी शिरल्यागत मान वर-खाली, वर-खाली. शिंका. नाक पायावर घासणं. पावसाळा संपता संपता आपोआप बंद. औषधं झाली, लिंबू-मिरची झाली, नाकाला जाळी झाली. मागच्या एप्रिलात तर नवरदेव फेट्यासकट बँडवाल्याच्या अंगावर! नवरदेव हसला म्हणून निभावलं.

अन् सर्जेराव शेजारी टपलेलेच. त्यांचा मोठा तबेला, माझी ही एकटी. "वहिनी, द्या मला. वरातीला नाय चालली तरी माझ्या तुफानपासून शिंगरं तरी होतील." बघते कशी नेता ते!

३ डिसेंबर
नवी डॉक्टरीण आली, मेघा नावाची. वय पंचवीस असेल नसेल. मी टांगेवाल्याची लेक, शहागंजात घोड्यांच्या पायांत वाढले, अन् ही मला घोडं शिकवणार!

म्हणाली, "काकू, हिच्या चेहऱ्याची नस चिडते. दिवस मोठा होऊ लागला की शरीराला ऋतू बदलल्याचं कळतं, तेव्हाच सुरू होतं. मग आपण कळूच द्यायचं नाही. उद्यापासून रोज रात्री साडेनऊपर्यंत दिवा. बारा महिने दिवस तेवढाच." मला हसूच आलं. उन्हानं पिडलेल्या घोडीला आणखी उजेड! पण पोरगी खरं बोलली — "काही घोड्यांना गुण येतो, काहींना नाही. खात्री देत नाही."

उजेड किती? तर घोडीच्या डोक्याशी उभं राहून पेपर वाचता आला पाहिजे. अन् मान किती वेळा झटकली ते रोज लिहायचं. म्हणून ही वही.

४ डिसेंबर
दिवा लागला. पेपर वाचला. राशिभविष्याचं पान बेगमनं खाल्लं. झटके शून्य.

२१ डिसेंबर
शून्य. थंडीत शून्यच असतात, त्यात काय मोठं.

पण संध्याकाळी तिच्यापाशी स्टूल टाकून बसायला लई बरं वाटतंय. ती कडबा खाते, मी लिहिते. सावंगीपर्यंत सगळ्यांना कळलंय — रत्नमालाबाईची घोडी अभ्यासाला बसते म्हणून.

९ जानेवारी
सातला लाइट गेली. सव्वासात. साडेसात. माझा जीव वर-खाली. आज दिवस लहान पडला तर? तेवढ्यात गोठ्यात फटफटीचा आवाज! नवरोबा. गाडी चालू करून हेडलाइटचा झोत थेट घोडीच्या तोंडासमोरच्या भिंतीवर. धूर बाहेर जावा म्हणून दोन्ही दारं उघडी, स्वतः मफलर गुंडाळून थंडीत उभे. आठ वाजता लाइट आली तेव्हा म्हणाले, "पेट्रोलचे पैसे तुझ्या भाजीच्या पैशांतून कापीन."

अन् हे म्हणे विकणार! लटके कुठले.

६ फेब्रुवारी
बेगम बिघडली. चार दिवस झाले, किंचाळते काय, शेपटी वर करते काय, सर्जेरावाच्या भिंतीला अंग लावून उभी राहते काय! खाण्यात लक्ष नाय. सगळी त्या दिव्याची करामत. जागरणानं डोकं फिरलं बिचारीचं.

डॉक्टरणीला सांगू का? नको. तिनं झटके लिहायला सांगितलेत, नखरे नाय. उगीच दिवा बंद करा म्हणाली तर? झटके शून्य.

११ फेब्रुवारी
हद्द झाली!! सकाळी दार मोडलेलं, घोडी गायब. बघते तर सर्जेरावाच्या आवारात तुफानशेजारी ऐटीत उभी. मी अशी भांडले, अशी भांडले! "चोरून नेता व्हय? मार्चपर्यंत दम नाय निघत?" ते आपले कानावर हात ठेवून — "आईशप्पथ वहिनी, तुमचीच घोडी भिंतीवरून उडी मारून आली. मी चहा पीत होतो."

थापाडा माणूस. कान धरून आणली बेगमला. आल्यापासून एकदम शांत. चांगली अद्दल घडली म्हणायची.

२२ फेब्रुवारी
शिवरात्र होऊन आठवडा झाला. ऊन कडक. आज दोन झटके. दोन! तासभर उन्हात तिच्यासमोर उभी राहिले, तिसरा आला नाय. रडले मग. मागच्या साली याच दिवसांत मोजता मोजता बोटं संपायची.

८ मार्च, रविवार
फुलंब्रीत ऋतुराज नावाच्या मुलाची वरात. चारचं ऊन. नवरोबा लगाम धरून, मी शेजारून. सर्जेराव मुद्दाम आलेले, बघायला. ढोल वाजला. फटाके वाजले. नवरदेवाच्या मामानं नाचता नाचता बेगमच्या तोंडापुढंच फेटा उडवला.

मान हलली नाय.

एकदा कान फडफडवले, तेवढंच. सव्वा तास! मांडवापाशी नवरदेव उतरला अन् मीच नाचले. पंचेचाळीस वर्षांची बाई, बँडसमोर, पदर खोचून! नवरोबा लाजून घोडीमागं लपले. सर्जेराव म्हणाले, "हरलो, वहिनी." बेगमला आख्खा गूळ दिला. आज मी लई म्हणजे लई खूश आहे.

२१ मार्च
डॉक्टरीण हिशोब बघायला आली, झटक्यांचा. वही द्यावी लागली. "घोडं शिकवणार" वाल्या ओळीवर अंगठा ठेवूनच दिली. पोरगी हसत हसत वाचत होती. फेब्रुवारीची पानं आली, ती मात्र परत वाचली. "काकू, हे मला तेव्हाच का नाही सांगितलं?" मी म्हणाले, घोडी माजावर येते ती होळीनंतर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हे दिव्याचंच काहीतरी होतं. ती म्हणाली, "हो, दिव्याचंच. उद्या मशीन घेऊन येते."

जेवण गेलं नाय. काय केलं मी माझ्या घोडीचं?

२२ मार्च
सोनोग्राफीच्या मशीनच्या काचेवर दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं. शिंगराचं काळीज! दिव्यानं बेगमला वाटलं उन्हाळा आला, अन् ती महिनाभर आधीच माजावर आली. टांगेवाल्याच्या लेकीला कळलं नाय!

सर्जेरावाची माफी मागायला गेले, तर ते पेढे घेऊन दारातच. "विहीणबाई, आता तरी लेक सासरी धाडा!"

नवरोबा माझ्याआधी बोलले — "लेक कुठं जाणार नाय. जावयालाच घरजावई धाडा."