भिंतीवरच्या वाघिणींची वाटणी

मी, खाली जिची सही आहे ती, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय लाँड्रीत डाग काढणे, सध्याचा व्यवसाय काही नाही, माझ्या राहत्या घरात बाहेरच्या खोलीत बसून हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा दाखला कायद्याला लागत नाही. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. उलट मुलगा म्हणतो, "आई, एवढी घाई कसली?" घाई नाही, थकवा आहे. थकलेल्या माणसाने आवराआवर वेळेवर करावी, पसारा दुसऱ्याच्या गळ्यात टाकू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे मागे काही नाही.

१. माझे पती मालगाड्यांच्या दुरुस्ती-शेडमध्ये फिटर होते. ते वारले. मला एक मुलगा, तो दूरच्या शहरात असतो. आणि एक मुलगी, ती बसने दोन थांबे पलीकडे राहते. पतीच्या बाजूने एक दीर हयात आहेत.

२. राहते घर, म्हणजे बाहेरची खोली, आतली खोली आणि एका वेळी एकच माणूस मावेल असे स्वयंपाकघर, तसेच बँकेत जे काही असेल ते, माझ्या पश्चात मुलगा व मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. यात रुसवा-फुगवा नको. मुलगी जवळ राहिली म्हणून तिला जास्त, मुलगा लांब गेला म्हणून त्याला कमी, असा हिशेब मी मनात पुष्कळदा केला आणि पुष्कळदा पुसला. पोटच्या पोरांत डावे-उजवे करण्याइतकी ताकद आता उरलेली नाही.

३. आता भिंतीवरचे यार्ड. या मृत्युपत्राचे खरे कारण हेच आहे, म्हणून कलम लांबेल. वकीलबाई म्हणाल्या, "थोडक्यात लिहा." मी म्हटले, "थोडक्यात झालं असतं तर थोडक्यात लिहिलं असतं."

बाहेरच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत, आणि कोपऱ्यात वळून पुढे, भिंतीला ठोकलेली वीतभर रुंद फळी आहे. तिच्यावर मालगाड्यांचे एक यार्ड आहे. एक शेड, पाण्याची टाकी, रूळ, एक म्हातारे इंजिन आणि नऊ वाघिणी. मालगाडीच्या डब्याला वाघीण का म्हणतात मला ठाऊक नाही. शेजारचे भाऊजी म्हणत, "वहिनी, तुम्हाला धरून दहा."

आमच्या यांचा स्वभाव मुका म्हणावा असाच. शेडमधून आले की सदरा बादलीत आणि तोंड बंद. दिवस कसा गेला ते मी सदऱ्यावरून वाचायची. बाहीला काळे वंगण म्हणजे चाकाखाली होते. पोटावर तांबूस भुकटी म्हणजे ब्रेकचे काम. पाठीवर गंजाची रेघ म्हणजे वाघिणीच्या पोटाखाली सरपटत गेले. लाँड्रीत दिवसभर लोकांचे डाग आणि घरी आल्यावर यांचे. एवढी वर्षे मी ते शेड डोळ्यांनी पाहिले नव्हते. बायकांना तिथे काय काम, असे हे म्हणत.

निवृत्तीनंतर लवकरच त्यांना अर्धांगवायू झाला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. मुळात फारसे बोलत नव्हते, तरी न बोलणे आणि बोलता न येणे यांत किती अंतर असते ते तेव्हा कळले. आतल्या खोलीच्या दारातून खाट जाईना, म्हणून बाहेरच्या खोलीत मांडली. डाव्या हातात चमचा दिला. खाटेच्या लोखंडी दांडीवर एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. बाकीचा सारा वेळ ते समोरच्या भिंतीकडे बघत. भिंतीवर काहीच नव्हते.

मुलाने गाडीचा एक संच पाठवला. लालभडक इंजिन, पिवळ्या वाघिणी, सगळे चकचकीत. मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळे मिटले आणि दोन ठोके दिले.

मला राग आला. पोराने हौसेने पाठवलेले, आणि यांचे हे. मग वाटले, बरोबरच आहे. यांनी जन्मभर नवी कोरी वाघीण पाहिलीच कुठे? त्यांच्या हाताखाली आली ती मोडकी, गळकी, गंजकी. डाग काढायचा तर आधी तो पडला कसा हे कळावे लागते, आणि ते मला कळत होते. आता उलटे करायचे, एवढेच. एक वाघीण मोरीवर नेली. काळा आणि तपकिरी रंग पाण्यात पार पातळ करून तिच्यावर सोडला आणि चिंधीने वरून खाली पुसला, म्हणजे पाऊस खाऊन मळ जसा ओघळतो तसा तो ओघळला. खिडकीच्या गजांचा गंज खरवडून कुटला, वस्त्रगाळ केला, सांध्यांवर कोरड्या कुंचल्याने बसवला आणि त्यावर पातळ डिंक फवारला.

त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली. एक ठोका. मग चमचा हळूहळू खाली वळवला. मला कळेना.

"खाली? खाली काय? चाकांपाशी?"

एक ठोका. चाकांपाशी मळ जास्त हवा होता. कित्येक महिन्यांनी आम्ही नवरा-बायको बोललो ते हे असे, घाणीवर.

मग सुताराला बोलावले. तो म्हणाला, "बाई, इतक्या खाली फळी? येता-जाता गुडघ्याला लागेल." मी म्हटले, "बघणारा आडवा आहे." फळी लागली आणि गुडघ्यालाही लागत राहिली. खोली एवढीशी, यार्ड लांबलचक हवे, म्हणून फळीच्या टोकाला पुलाआड आरसा बसवला, म्हणजे रूळ पुढे जातात असे वाटावे. मला फार हुशारी केल्यासारखे झाले. पण यांचे दोन ठोके, मग पुन्हा दोन, पुन्हा दोन. शेवटी मी त्यांच्या उशीशी डोके टेकून बघितले. तिथून आरशात रूळ दिसत नव्हते, खाट दिसत होती, आणि खाटेवरचा माणूस. आरसा मी कलता केला. तो आजही कलता आहे. तो सरळ करू नये.

अशी सात वर्षे गेली. कूस बदलणे, पुसणे, भरवणे, आणि मधल्या वेळात शेडच्या छपराला गळतीचे डाग पाडणे, रुळांत चाळलेली रेती डिंकाने चिकटवणे, तागाचे धागे रंगवून गवत लावणे. मला गाड्यांची आवड होती असे कोणी समजू नये. पाठ मोडून यायची. पुष्कळदा वाटे, आता एकच ठोका द्या हो, मला पडू द्या.

४. दिरांना माझ्याकडून काही नाही. एवढ्या वर्षांत ते एकदा आले, खाटेशी उभे राहिले आणि माझ्यादेखत म्हणाले, "दादा, वहिनीनं तुला खेळण्यांत बसवला रे!" यांनी चमचा उचलला आणि दांडीवर दोन ठोके असे हाणले की शेजारी ऐकू गेले. ते दोन ठोके हीच दिरांची वाटणी.

५. बाहेरच्या खोलीतली आरामखुर्ची शेजारच्या भाऊजींना द्यावी. त्यांचा घड्याळ-दुरुस्तीचा धंदा आहे. रोज दुपारी दुकान बंद करून ते यायचे. "गाडी बघायला आलो," म्हणायचे आणि त्या खुर्चीत बसायचे. मग मी आत जाऊन अंग टाकायची. हे गेल्यानंतरही ते एकदा सवयीने आले, तेव्हा मी त्यांच्यासाठी गाडी चालवून दाखवली. ते ओशाळले.

"वहिनी, खरं सांगू? मला गाड्यांतलं काही कळत नाही. तीच तीच गाडी बघून कंटाळा यायचा."

"मग रोज का येत होता?"

"तुम्हाला डोळा लागायचा ना तेवढ्यात."

मी आत गेले आणि चहाचे आधण उगाच पुन्हा ठेवले. भाऊजींना साक्षीदार करायचे होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असा नियम आहे म्हणे. मी वकीलबाईंना सांगितले, साक्षीदार दुसरा मिळेल, खुर्चीचा वारस दुसरा मिळणार नाही.

६. यार्डाचे पुढे काय. मागच्या वर्षी मुलगा हौशी मंडळाच्या अध्यक्षांना घेऊन आला. हे मंडळ छोट्या गाड्या जमवते आणि लोकांना दाखवते. अध्यक्ष भले गृहस्थ. गुडघे टेकून डोळा फळीशी लावून बसले आणि उठेनात. म्हणाले, "असा गंज मी कुठंच पाहिला नाही. आमच्या दालनात काचेत ठेवू. खाली पाटी लावू, वडिलांच्या नावाची. एका फिटरनं अंथरुणावरून केलेलं काम!"

मुलीने लगेच सांगितले, "बाबांचा उजवा हात उठत नव्हता. आईनं केलंय हे."

त्यावर मुलगा म्हणाला, "हो, आई मदत करायची."

मी चहाच्या कपबशा उचलल्या आणि मोरीवर गेले. तिथे नळ सोडून उभी राहिले.

या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा मुलाने वाचला. म्हणाला, "आई, मी ते सहज बोललो गं. एवढं मनाला लावून घेतलंस?"

"रागानं बोलला असतास तर मी विसरले असते रे. सहज बोललेलंच खरं असतं."

त्याने मसुद्याची घडी केली आणि भिंतीकडे बघत बसला. बापासारखाच दिसला. मग म्हणाला, "पाटीवर काय लिहायचं, सांग." त्याने स्वतः विचारले हे इथे नोंदवते.

सबब यार्ड त्या मंडळाला द्यावे, पुढील अटींवर. पाटीवर माझे नाव घालावे आणि नावापुढे धंदा लिहावा: डाग काढणारी. त्याखाली यांचे नाव व हुद्दा घालून "यांच्या देखरेखीखाली" असे लिहावे. यांच्या दोन ठोक्यांशिवाय ते यार्ड बाहुलीघर झाले असते, हे मी नाकारत नाही. यार्ड धुऊ नये, झटकू नये. वर जी धूळ बसेल ती बसू द्यावी. मंडळाला अटी मान्य नसतील तर मुलीने ते न्यावे. तिच्याकडे जागा नाही, हे मला माहीत आहे. तिने हवी ती वाघीण ठेवावी आणि बाकी सोडून द्यावे.

७. माझे कुंचले, चिंध्या, कुटलेल्या गंजाच्या आणि काजळीच्या बाटल्या मुलीच्या. तिने त्या वापराव्यात असे नाही. फक्त टाकायच्या झाल्या तर मोरीत ओतू नयेत, पाइप तुंबेल.

८. एक दुरुस्ती राहिली आहे, ती करू नये, म्हणून लिहिते. या वर्षी मुलगी मला शेड दाखवायला घेऊन गेली. ते बंद पडले आहे. पहारेकऱ्याला यांचे नाव आठवत होते, त्याने आत सोडले. गवतात दोन जुन्या वाघिणी उभ्या होत्या. मी हात लावून बघितले. गंज बरोबर, वंगण बरोबर, चाकांजवळचा मळही बरोबर. एकच गोष्ट चुकली होती. माझ्या वाघिणींच्या दारांखाली पांढुरके ओघळ आहेत, चुनखडी सांडल्यासारखे. ते मी घातले, कारण यांच्या सदऱ्याच्या खांद्यांवर नेहमी पांढरे लागलेले असे, आणि मी समजत होते की माल पांढरा असणार. खऱ्या वाघिणींवर पांढरे कुठेच नव्हते.

"इथं चुन्याचा माल यायचा का?" मी पहारेकऱ्याला विचारले.

"नाही हो बाई. कोळसा आणि लोखंड. चुना फक्त या भिंतीला."

शेडच्या मागची भिंत चुन्याने रंगवलेली होती. तिच्यावर खांद्याच्या उंचीला एका ओळीत चुना झिजून गुळगुळीत झाला होता, एकेका माणसाच्या रुंदीएवढा.

"जेवणाच्या सुट्टीत सगळे इथं टेकायचे," तो म्हणाला. "तुमचे साहेब त्या टोकाला."

म्हणजे ते पांढरे कामाचे नव्हते. तेवढाच एक डाग विसाव्याचा होता, आणि तो मी वर्षानुवर्षे घासून काढत होते. मी ओघळ घातले तेव्हा हे बघत होते. यांना ठाऊक होते की ते चूक आहेत. तरी एकच ठोका दिला. त्या दिवशी माझे हात थरथरत होते, कदाचित म्हणून. कदाचित तेच थकले असतील. विचारायला ते नाहीत. मी त्या टोकाला जाऊन भिंतीला टेकले. मुलगी म्हणाली, "आई, पाठीला पांढरं लागेल." मी म्हटले, "लागू दे." तशीच बसने घरी आले.

ते ओघळ पुसू नयेत.

९. माझ्या देहाचे काय करायचे ते मुलांनी त्यांच्या सोयीने ठरवावे. खाट विकू नये, ज्याच्या घरी माणूस पडलेला आहे अशा कोणालाही द्यावी आणि सोबत चमचाही द्यावा.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. मुलाने तिच्याशी भांडू नये, आणि तिने त्याला "मदत" करू द्यावी.

११. शेवटचे, मंडळासाठी. इंजिन आता धड चालत नाही, मध्येच अडकते. त्याला ढकलू नये आणि नवे बसवू नये. लोक आले आणि गाडी चालत नाही म्हणून विचारू लागले, तर सांगावे, यार्डात गाड्या बहुतेक वेळ उभ्याच असतात.

वरचे सारे मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि साक्षीदारांच्या समोर माझ्या हाताने सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. मजकूर माझ्या मनाप्रमाणे आहे. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिन्ही ठिकाणी आद्याक्षर घातले आहे.

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार पहिल्या : डॉक्टरीणबाई, दवाखाना याच गल्लीत. (सही)
साक्षीदार दुसरे : सुतार, फळी ज्यांनी ठोकली ते. (सही)

ठिकाण : राहते घर, बाहेरची खोली
दिनांक : वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तोच