हदगावकडं निघालेली टाचणी

३ डिसेंबर
मुख्याध्यापकांनी शेवटी नकाशा टांगलाच, शाळेच्या व्हरांड्यात. नांदेड-लातूर दोन्ही जिल्हे. बेत असा : पोरं, मास्तर, पालक सगळ्यांनी इथंच रेणापुरात चालायचं, अंतर एकत्र करायचं. सगळ्यांचं मिळून शंभर किलोमीटर झालं की नकाशावरची लाल टाचणी एक किलोमीटर पुढं. लातूर, निलंगा, उदगीर, देगलूर, धर्माबाद, नांदेड, हदगाव, मग लोह्यावरून परत. हिशेब माझ्याकडं, कारण मी पी.टी.चा. माझ्या पोटाकडं बघून नववीची पोरं हसली. हसू देत.
हदगाव कशाला घातलं, मु.अ.ना विचारलं. "सर, तुमची सासुरवाडी न्हाई का? मुद्दाम घातलं." आता यांना काय सांगणार.

७ डिसेंबर
लातूर दिसायला लागलं. मास्तरांपेक्षा पोरांच्या आयांचा जोर जास्त. पालकांच्या ग्रुपवर प्रश्नांची सरबत्ती : शेतात जाणं धरायचं का, दळण आणायला जाणं धरायचं का. मी लिहिलं, कामाचं चालणं नाही, व्यायामाचंच धरायचं. त्यावर एकीनं : "सर, मंग आम्ही चालावं कधी?" संध्याकाळी कळवलं, सगळं धरा.
धाकटी मुलगी आमच्याच शाळेत, म्हणून सौ.पण त्या ग्रुपमध्ये. रोज सकाळी चालायला जाते, हे आज कळलं. मला वाटायचं दूध आणायला.

२१ डिसेंबर
उदगीर. शाळेत आता एक रीतच पडलीय : टाचणी ज्या गावाला पोचेल तिथलं माहेर असलेल्या बाईनं परिपाठाला येऊन गावाबद्दल बोलायचं. आज किराणा दुकानवाल्या आप्पांची सून आली. चार वाक्यं बरी बोलली, पाचव्याला रडायला लागली. एस.टी.नं दोन-तीन तासांचं गाव. त्यात रडण्यासारखं काय आहे? घरी येऊन सौ.ला हेच म्हणालो. ती भाकरी थापत राहिली.

१४ जानेवारी
संक्रांत. सौ.चा हदगावला फोन. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या ओरडूनच बोलतात; फोनबाहेर ऐकू येतं.
"कुठवर आलीस?"
"धर्माबाद, आई."
"तिथली मिरची घेऊन ये."
दोघी हसल्या. मग सौ. म्हणाली, "आई, खरं न्हाई ते. नकाशावर हाय."
"असू दे. नकाशावर तर नकाशावर. सांभाळून ये बाई."
मी आत पेपर वाचत होतो. एकच बातमी वाचत राहिलो.
दोन वर्षं झाली. भगवानच्या, म्हणजे मेहुण्याच्या, पोरीचं लग्न. मांडवात टॉवेल-टोपीचा मान चालू. माईकवर एकेका सोयऱ्याचं नाव, सगळ्या जावयांची नावं. माझं नाही. मी न जेवता उठलो. सौ. अर्ध्या ताटावरून उठून मागं आली. भगवान घरी येऊन मान देत नाही तोवर त्या उंबऱ्यात मी पाय ठेवणार नाही आणि तीही नाही, असं म्हणालो होतो. चूक त्याचीच. आजही म्हणतो.

२८ जानेवारी
नांदेड गेलं. टाचणी जास्तच पळायला लागलीय. हिशेब पाहिला तर सौ. सगळ्यांच्या पुढं, आणि गल्लीतल्या बाया तिच्याबरोबर. आप्पांची सून मलाच म्हणाली, "सर, यंदा वहिनींचं माहेर आणतोच बघा."
सौ. टाचांच्या भेगांना तेल लावत बसली होती. म्हटलं, एवढं कशाला? स्पर्धा आहे का?
"न्हाई."
आज अर्धापूर आलं.

३१ जानेवारी
टाचणी अर्धापुरातच आहे. मी हलवली नाही. मु.अ.ना सांगितलं, हिशेब जुळत नाहीये. जुळत होता.
मधल्या सुट्टीत सौ. स्वतः शाळेत. नकाशासमोर उभी.
"आम्ही तर चालून राहिलो. ही का थांबली?"
पोरं बघत होती. म्हटलं, काम बाकी आहे. ती जवळ आली, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "दादा चुकला. तुमचंबी खरं. पण त्यापायी मी किती चालायचं?"
शिट्टी मारून पोरांना मैदानावर काढलं. फार लाज वाटली. सुट्टी संपायच्या आत टाचणी सरकवली.

५ फेब्रुवारी
हदगाव. मु.अ.नी माईकवर माझं नाव पुकारलं, "हदगावचे जावई!" आणि टॉवेल-टोपी. पोरांच्या टाळ्या. दोन वर्षं ज्याच्यासाठी अडून बसलो ते असं परिपाठात मिळालं. टोपी मोठी, कानावर आली. बोला म्हणाले. मी बोललो : हदगावला कापूस, सोयाबीन होतं.
मग सौ.ला बोलावलं. "माझ्या गावात," म्हणाली आणि थांबली. "आता आठवावं लागून राहिलं." एवढं बोलून खाली बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
घरी आल्यावर तिनं टॉवेलची घडी घातली, टोपी वर ठेवून पिशवीत. "रविवारी जाऊ. हे दादाला द्या. तुमच्या हातानं."
म्हटलं, मान त्यानं मला द्यायचा असतो.
"हाव. पण आधी कुणी तरी द्यायलाच पायजे ना."

९ फेब्रुवारी, रविवार
एस.टी.त लिहितोय, अक्षर हलतंय. नांदेडला गाडी बदलली. सौ. खिडकीशी. आईला कळवलंच नाही म्हणते. "तुम्ही नांदेडहून माघारी फिरला असता तर?" लातूरला एकदा मनात आलंही होतं.
आत्ता सासूबाईंचा फोन.
"कुठवर आलीस?"
"अर्धापूर सुटलं, आई."
"नकाशावर न्हवं?"
सौ.नं माझ्याकडं पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला.
म्हणालो, "मामी, एस.टी.त आहोत. दोघंही."
पलीकडं लांब त्यांची हाक : "भगवान, अरे जावई येऊन राहिले!"
भगवान काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. फोन कटला.
पिशवी माझ्या मांडीवर आहे. वारंगा फाटा गेला, पुढं हदगावच.