ओळीच्या डाव्या टोकाला

चेंडू हातात तसाच धरून मी तिच्यासमोरून पुढे सरकलो, सर. तुमचीच पद्धत. संघ निवडायच्या दिवशी सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, तुम्ही एकेकाला पास द्यायचात. ज्याला पास नाही, तो संघात नाही. बोलायचं काही नाही. सुरगाण्याहून आलेली ती उंच मुलगी हात पुढे करून उभीच राहिली.

"सर, मला नाय दिला बॉल."

शेजारची कुजबुजली, "गप गं. समजून घ्यायचं असतं."

"काय समजायचं?"

"उद्या बोलू," म्हणालो आणि शिट्टी वाजवली.

तुम्ही मला पास दिला नाहीत त्याला चौदा वर्षं झाली. मी बत्तीसचा होतो, खेळाच्याच पगारावर घर चालत होतं. नेहमीसारखा तुमच्या डाव्या हाताला, ओळीच्या टोकाला उभा आहे. तुम्ही माझ्या शेजारच्याला पास देता आणि तिथूनच वळता. मी बूट पिशवीत भरले, ते पुन्हा घातले नाहीत. पुढे तुमचा निरोप आला, भेटून जा. गेलो नाही. त्याच थंडीत तुम्ही गेलात, आणि वर्षभरात शिट्टी माझ्या गळ्यात आली.

गेल्या रविवारी पंचवटीत तुमच्या घरी काकूंकडे गेलो होतो. सहज म्हणाल्या, "शेवटच्या वर्षी ह्यांना डाव्या डोळ्याने दिसतच नव्हतं. मैदानावर कळता कामा नये म्हणाले." माझा चहा तसाच राहिला. "काय रे, साखर कमी झाली का?"

तुम्ही मला वगळलंत, की मी तुम्हाला दिसलोच नाही? माझा गुडघा तेव्हा सुजायचा, हेही खरं. निरोप समजूत घालायला होता की संघात परत बोलवायला? आणि मी, दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत असताना, इतक्या जणांसमोरून न बोलता पुढे गेलो, ते नक्की कशाच्या जोरावर?

हे पत्र कुठे टाकणार. एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी बूट भरताना मला हलकं वाटलं होतं. विचारायला आलो नाही, ते कदाचित त्यामुळेच.

निवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुरगाण्याच्या मुलीला सांगितलं, या वेळी तू संघात नाहीस. तिने कारण विचारलं. बचावात तुझे पाय हलत नाहीत, म्हणालो.

"मग शिकवा ना."

सात वाजेपर्यंत आम्ही तेवढंच केलं.