मेंढ्या याला राखायच्या

मेनी फार्म्स, ॲरिझोना
१४ फेब्रुवारी २०१६

प्रिय हॉस्की भाऊजी,

इकडे आम्ही बरे आहोत. तुमच्या बार्स्टोला ऊन असेल. इथे बर्फ वितळून नुसता चिखल झालाय. परवा व्हर्नाची गाडी आमच्या वाटेवर रुतली. शेजारचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला, गाडी ओढून काढली आणि म्हणाला, "मावशी, लेकीला आता गाडी नको, होडी घेऊन द्या." कोकरं यायला लागली आहेत. दोघांना आईने जवळ केलं नाही, ती चुलीमागे खोक्यात आहेत. बाटलीने दूध पाजते. तुमचे गुडघे कसे आहेत? ऑपरेशन झालं, हे मला तुमच्या बहिणीकडून बाजारात कळलं.

यांच्या दफनाला तुम्ही आला नाहीत. लांबचा प्रवास आहे. हे पत्र त्याबद्दल नाही.

काम असं आहे. मुलांच्या वडिलांना लष्करातून का सोडलं, याची जागा त्यांच्या कागदावर होती, आणि त्या जागी नुसता एक आकडा होता. तो कशाचा, हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही. तुम्ही दोघं युद्धावरून परत आल्यावर रेल्वेत नोकरी मागायला बरोबरच गेला होता ना? तुम्हाला घेतलं. त्यांचा कागद साहेबाने पाहिला, टेबलाच्या खणातल्या एका यादीवर बोट फिरवलं आणि जागा भरल्याचं सांगितलं. घरी येऊन म्हणाले, "माझं नशीब उशिरा पोचलं." मग आयुष्यभर लोकांच्या घरांवर छपरं घातली, कुंपणं घातली, म्हाताऱ्या बायांना पिंपं भरून पाणी पोचवलं.

तीन वर्षांपूर्वी माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या बाईने त्यांचे सगळे कागद मागवले. त्या आकड्याचा अर्थ निघाला तो असा: "उदासीनता, सदोष वृत्ती आणि उपयोगी कष्ट करण्याची असमर्थता."

मी शाळेत फार टिकले नाही. वाचायला शिकले ती फिरत्या वाचनालयाच्या गाडीतली पुस्तकं घरी आणून. शब्द मला वाचता आले. ते कोणाबद्दल आहेत, हे मात्र कळेना.

आता मी कारण दुरुस्त करण्याचा अर्ज केलाय. त्याचा निर्णय घेणारं मंडळ वॉशिंग्टनला आहे. त्यांना त्या वेळी तिथे असलेल्या माणसाचं लेखी म्हणणं हवंय. तुम्ही तिथे होता. मुलांच्या वडिलांना कोणतं काम दिलं होतं, एवढं एका पानावर लिहून पाठवाल का? पाकीट तिकीट लावून सोबत ठेवलंय.

तब्येत सांभाळा.

तुमची वहिनी,
अर्लीन


३ एप्रिल २०१६

हॉस्की भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. "वहिनी, फार वर्षं झाली, मला काही आठवत नाही." मागे संत्र्यांच्या बागेचं चित्र आहे. चित्र छान आहे, मी खिडकीत लावलंय.

खोक्यातलं एक कोकरू गेलं. दुसरं आता माझ्या मागे मागे फिरतं आणि स्वतःला माणूस समजतं.

भाऊजी, मी दमले आहे. आडून आडून लिहायचा आता कंटाळा आला. मला माहीत आहे.

त्या कागदांत एका लेफ्टनंटची टिपणी आहे. मी वाचली तशी लिहिते. "हा सैनिक हुकूम दिल्यावर उठत नाही, बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. आजारी आहे का, असं त्याच्याच रेड इंडियन जमातीच्या आणि नात्यातल्या एका सैनिकाला विचारलं. तो म्हणाला, हा जन्मजात आळशी आहे. घरी हा मेंढ्या राखत नसे, मेंढ्या याला राखायच्या."

कार्यालयातल्या बाईने हे मोठ्याने वाचलं तेव्हा ते माझ्या शेजारी बसले होते. ते हसायला लागले. इतके, की खोकला लागला आणि बाईने पाणी आणलं. ती बिचारी घाबरली.

"हा तर हॉस्की!" मला म्हणाले. "ओळखलंस का? दुसरं कोण बोलणार असं?"

बाई म्हणाली, "आजोबा, हे बदलता येतं. आपण अर्ज करू."

"मामेभावाने थट्टा केली म्हणून वॉशिंग्टनला तक्रार करू?" ते म्हणाले. "लोक मला गावात राहू देतील का?"

तिला काही कळलं नाही. ती आपल्यातली नव्हती. आते-मामे भावांनी एकमेकांना धारेवर धरायचंच असतं, हे तिला कुठून ठाऊक! आमच्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलं होतंत, "काका, मुलगा चांगला आहे. फक्त सूर्य उगवला की कोणीतरी जाऊन त्याला कळवावं लागतं." आणि हे तिकडून ओरडले होते, "कळवायला हा येतो, तेव्हा दुपार झालेली असते!" वडील हसून हसून खाली बसले होते. लग्न पक्कं झालं ते मला वाटतं त्या हसण्याने.

त्या दिवशी घरी परतताना गाडीत त्यांनी बाकीचं सांगितलं. पहिल्यांदा आणि शेवटचं. त्यांना मेलेल्या सैनिकांना धुवायच्या, त्यांचे खिसे रिकामे करायच्या कामावर लावलं होतं. आपल्या माणसाला, ज्याला मेलेल्याच्या घरातली ताटलीसुद्धा उचलू नये असं शिकवलेलं. त्यांनी ते केलं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कसं? मग एका सकाळी एका रिकाम्या पेटीवर बसले ते उठलेच नाहीत. समोर साहेब उभा, म्हणून मान खाली. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघू नये, हेही शिकवलेलंच. साहेबाला वाटलं, याला कशाची पर्वा नाही.

आणि तुम्ही आलात. भाऊजी, तुम्ही साहेबाशी बोलतच नव्हता. थट्टेला उत्तर द्यावं लागतं, गप्प बसणारा हरतो. उत्तर द्यायला तरी हा तोंड उघडेल, असं तुम्हाला वाटलं. हे माझं म्हणणं नाही, त्यांचं आहे. म्हणाले, "त्याने मला उठवायला केलं ते. मला काही सुचलं नाही."

ते शेवटपर्यंत तुमच्यावर रागावलेले नव्हते. तुम्ही इतकी वर्षं आमच्या दारात आला नाहीत, याचं मात्र त्यांना वाईट वाटायचं.

ते होते तोवर मी अर्जाचं नाव काढलं नाही. आता काढते, त्याला कारण आहे. गेलेल्याचं नाव घेऊन आपण त्याला वाटेत थांबवत नाही. माझ्यानंतर त्यांच्याबद्दल कोणी बोलणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण कागद आपल्या रीती पाळत नाही. तो बोलत राहील. नातवंडं कधीतरी तो मागवतील आणि आजोबाबद्दल जगात लिहिलेलं एवढंच त्यांना सापडेल, की त्यांना कष्ट करता येत नव्हते.

तो लेफ्टनंट वारला. पाहिलेले तुम्हीच उरलात. काम काय होतं ते लिहा, आणि ती थट्टा होती, एवढं लिहा. त्यांचं नाव लिहावं लागेल. मी काय मागतेय हे मला कळतं. अर्जावर ते व्हर्नाने लिहिलं, तेव्हा मी बाहेर जाऊन लाकडं फोडत राहिले. घरात लाकडं भरपूर होती.

नाही लिहिलंत तरी मी राग धरणार नाही. पण मग मी दुसऱ्या कोणाला विचारू?

अर्लीन


२२ मे २०१७

प्रिय हॉस्की भाऊजी,

तुमचं घर बदललं असं कळलं, म्हणून हे तुमच्या बहिणीच्या हाती देते. या वर्षी वारा फार आहे. वाळू भांड्यांत, अंथरुणात, सगळीकडे. व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरातून येते, ती आधी कान झटकते.

मंडळाचा निकाल आला. त्यांनी आपलं म्हणणं मान्य केलं. उदासीनता गेली, वृत्ती गेली, असमर्थता गेली. नवा कागद दिलाय. सोडण्याचं कारण म्हणून त्यावर आता आहे: "सचिवांच्या अधिकारानुसार."

मी व्हर्नाला विचारलं, "हा सचिव कोण? त्याने यांना कधी पाहिलं होतं?"

ती म्हणाली, "आई, सगळ्यांचं असंच लिहितात. म्हणजे कारण काही नाही."

कारण होतं. पण ते लिहायला त्यांच्याकडे शब्द नसेल. राहू दे. रिकामं आहे, खोटं नाही. नातवंडांनी मागवला तर मागवू दे.

निकालाबरोबर तुमच्या म्हणण्याची प्रत आली. तुम्ही ते परस्पर मंडळाला पाठवलंत, म्हणून काय लिहिलंत ते मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही त्यांचं पूर्ण नाव लिहिलंत. मग लिहिलंत, "माझा आतेभाऊ आळशी नव्हता. त्याच्यासारखा कष्टाळू माणूस मी पाहिला नाही. जे काम करताना मी पळून गेलो असतो, ते त्याने केलं. त्या दिवशी मी बोललो ते खरं नव्हतं." खाली शपथ आणि सही.

मी मागितलं होतं तेच तुम्ही दिलंत. प्रत्येक शब्द खरा आहे. मी पान उलटून मागेही पाहिलं, कुठेतरी एखादा टोमणा असेल म्हणून. नव्हता.

दवाखान्यात ते गेले तेव्हा मी जवळ होते. दफनाला होते. त्यानंतरही संध्याकाळी गाडी वाजली की मी चुलीवर कॉफी ठेवायची. ते खरंच गेले, हे मला तुमचं ते पान वाचून कळलं. ते असते तर तुम्ही त्यांच्याबद्दल इतकं चांगलं कधीच लिहिलं नसतं.

तुम्हाला ते लिहायला लावलं. आता मटणाचा रस्सा खायला या. गुडघे दुखत असतील तर व्हर्ना गॅलपच्या बसथांब्यावर गाडी आणेल.

ज्या घरात तुम्हाला उलट उत्तर देणारं आता कोणी नाही, त्या घरातून,
तुमची वहिनी,
अर्लीन