वजा गाडी

४ नोव्हेंबर, मंगळवार
गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर वजन पंच्याहत्तरच्या खाली हवं, असं दौंडचे डॉक्टर म्हणाले. आज एक्क्याऐंशी. सुदर्शननं पुण्याच्या दवाखान्याचं मोबाईलवरचं पॅकेज घेतलं. दर मंगळवारी शीतल मॅडम व्हिडिओवर येणार, मी वजन आणि जेवण सांगणार. पोराचे पैसे गेलेत, वसूल झाले पाहिजेत.
गुडघा झाला की भैरोबाला माझी मी चालत जाणार. सध्या सूनबाई सुलक्षणा स्कूटीवर नेते आणि आरती संपायच्या आत बाहेरून हॉर्न वाजवते.
आजपासून एकच भाकरी.

८ नोव्हेंबर
संकष्टी. चंद्र निघेपर्यंत उपवास. खिचडी, दोन रताळी, दाण्याचे लाडू, केळी. मॅडमच्या तक्त्यात जेवणाचे रकाने आहेत. उपवासाला जेवण नसतंच. सकाळ-दुपार दोन्हीकडे "काही नाही" लिहिलं.

११ नोव्हेंबर
काटा ब्याऐंशी दाखवतो. स्वस्तातला आणलाय.
आमचे हे जन्मभर साखर कारखान्याच्या काट्यावर क्लार्क. भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी. वजा जाता राहील तो ऊस. गाडीचं वजन उसात कुणी धरत नाही. मग नऊवार माझ्यात का धरायची? साडी, पाटल्या, मंगळसूत्र, पोटातला चहा मिळून तीन किलो गाडी धरली. एकोणऐंशी सांगितलं.
मॅडम खूश. आजी, झोप लागते का, जेवण गोड लागतं का, सगळं विचारलं. या घरात भाजीला मीठ कमी पडलं तरच माझी आठवण होते.

१८ नोव्हेंबर
मधल्या वेळेला काय खाता, असं मॅडमनी विचारलं. काही नाही म्हटलं. नात अर्धी चपाती टाकून उठते, कढईला भाजी राहते, ते मी संपवते. अन्न टाकवत नाही. पण ते त्यांच्या वाटणीचं. सुलक्षणा म्हणाली, आत्या, म्हशीला घालत जावा की. म्हशीची फार काळजी हिला.
गाडी पाच किलो. सांगितलं अठ्ठ्याहत्तर.

२७ नोव्हेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पाच घरी हळदीकुंकू, पाचही घरी शिरा. मालनबाईनं तुपातला केला होता. प्रसाद देवीचा, तो आपल्या खात्यावर पडत नाही.

२ डिसेंबर
काटा चौऱ्याऐंशी. थंडी पडलीय. स्वेटर, शाल, मोजे. गाडी दहा किलो. मॅडमना चौऱ्याहत्तर सांगितलं, तर त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच दौंडला कळवलं. सोळा तारीख मिळाली.
ह्यांना सगळा हिशेब समजावला. म्हणाले, आगं पर रिकामी गाडी कवा तोललीस?
निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी क्लार्कपणा जात नाही.

१६ डिसेंबर
दौंड. रात्रीपासून उपाशी. चहासुद्धा नाही. नर्सनं साडी उतरवायला लावली. पाटल्या, मंगळसूत्र काढून सुलक्षणाच्या हातात दिलं. अंगात दवाखान्याचा कागदासारखा झगा. मग काट्यावर उभी केली.
पंच्याऐंशी.
नर्सनं खाली उतरवून परत चढवलं. पंच्याऐंशी.
डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत, सुदर्शनशी बोलले. भूल द्यायला धोका आहे म्हणे, परत या. भांडगावला घरी येताना सुदर्शन गाडी चालवत होता. सुलक्षणा म्हणाली, ह्यापायी म्या माहेरचं लगीन सोडलं.
ह्यांनी दारातच विचारलं, किती भरलं? सांगितलं. वळून आत गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

२३ डिसेंबर, मंगळवार
फोन पुढ्यात घेऊन अकरापासून बसले. साडेबारा वाजले तरी मॅडम नाहीत. सुलक्षणाला विचारलं. म्हणाली, पॅकेज बंद केलंय तुमच्या लेकानं, तुम्हाला सांगितलं न्हाई व्हय?
झोप लागत नाही, हे मॅडमना सांगायचं होतं.
नातीनं चपाती टाकली होती. संपवली.
संध्याकाळी भैरोबा. आता खालच्या पायरीवरूनच नमस्कार करते. जानेवारीपासून नीट करायचं, असं देवाला सांगत होते, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.